मधल्या ओळी

"विल्या, ह्यात स्टोव्ह लई बोलतोय. तेवढा गप कर," म्हणत शिवराम लवटेनं माझ्या तळहातावर पेन ड्राइव्ह ठेवला आणि स्वतःच्या दोन्ही हातांनी माझी मूठ मिटवली.

"कसला स्टोव्ह?"

"रॉकेलचा. पंप मारायचा. हौसा पाळणा म्हणतीया आन् स्टोव्ह पेटलाय. सारिका पाळण्यात होती तवाचं हाय. चौऱ्याण्णव साल."

हौसा म्हणजे शिवरामची बायको. सारिका दीड वर्षाची असताना ती काविळीनं गेली. मी तिला कधी भेटलो नव्हतो. शिवराम आणि मी अंधशाळेत सात वर्षं एका बाकावर काढली, एकमेकांच्या डब्यातलं चोरून खाल्लं, पण शाळा सुटल्यावर तो जतकडं आपल्या गावी खुर्च्या विणायला गेला आणि मी मिरजेत राहिलो. त्याच्या लग्नाला मी गेलो नाही, कारण माझी परीक्षा होती. हौसाच्या दहाव्यालाही गेलो नाही आणि त्याला काही कारणही नव्हतं.

"गुरुवारी सारिकाची हळद हाय," तो म्हणाला. "पोरगी म्हणती, सवाष्णींनी हळद लावायच्या आधी मला आईचा आवाज ऐकवा. पहिलं बोट आईचं लागतं, माझ्या नशिबात ते न्हाई, तर निदान तिचा आवाज लागू दे. दुसरं कायबी मागितलं न्हाई तिनं. साडीसुदीक मागितली न्हाई."

"मग आजवर ऐकवला नाहीस?"

"ती पाचेक वर्षांची असताना टू-इन-वन मोडला. कॅसेट ट्रंकेत राहिली, बुरशी आली. जतच्या दुकानदारानं कशीबशी एकदा वाजवून ह्यात उतरवून दिली, आन् त्यातच फितीचा चुरा झाला. आता मोबाइलवर लावली की नुसता स्टोव्ह. आत कुठंतरी गाणं हाय. लेकीला असलं काय ऐकवू?" त्यानं माझी मूठ पुन्हा दाबली. "एवढंच हाय बघ. दुसरं कायबी न्हाई तिचं."

"फोटो असतील की."

"हाईत. सारिका बघती. मी काय करू त्याचं?"

आम्हा दोघांनाही जन्मापासून दिसत नाही. मी पेन ड्राइव्ह खिशात घातला आणि छाती फुगवून म्हणालो, "शिवा, योग्य माणसाकडं आलास."

ही बढाई नव्हती. मिरजेत एका संस्थेचा बोलक्या पुस्तकांचा स्टुडिओ होता, त्यात मी अकरा वर्षं रेकॉर्डिंग साफ करत होतो. डोळस बायका-माणसं येऊन पुस्तकं वाचून जायची आणि त्यांच्या वाचनातला पंखा, पारवे, रिक्षाचे भोंगे, कुणाच्या पोटातली गुरगुर, सगळं मी काढायचो. सांगली-कोल्हापुरात माझ्या हाताचं नाव होतं. आणि हे मला कुणीतरी सांगावं लागत नव्हतं, मीच सगळ्यांना सांगायचो.

"पण आधी नीट ऐक हां," शिवराम म्हणाला. "हौसा कुठं बसलीया, ते—"

"ते तू मला शिकवू नकोस. मी तुला खुर्ची विणायला शिकवतो का?"

तो हसला. "बरं बाबा, तू सायेब," म्हणाला आणि चारच्या एसटीनं परत गेला. त्या वेळी मी त्याला ते एक वाक्य पुरं करू दिलं असतं तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामाला बसलो. आमचं काम कसं चालतं हे थोडं सांगायला हवं. कॉम्प्युटरच्या पडद्यावर जे असतं ते आम्हाला स्क्रीन रीडर वाचून दाखवतो. त्याची वटवट सतत चालू असते. आता ही वटवट आणि साफ करायचं रेकॉर्डिंग, दोन्ही एकाच हेडफोनमध्ये आली तर डोकं फुटेल. म्हणून मी वाटणी करून टाकली होती. डाव्या कानात स्क्रीन रीडर, उजव्या कानात काम. आमची पुस्तकं एका माणसानं एका माइकवर वाचलेली असायची, म्हणजे दोन्ही बाजूंना तेच. एका कानानं ऐकून कधी काही बिघडलं नव्हतं. काम झालं की डावी बाजू टाकून द्यायची आणि उजवीच दोन्हीकडं करायची, हा अकरा वर्षांचा शिरस्ता.

फाइल उघडली. सुरुवातीला शास्त्रापुरती डावी बाजू चार सेकंद ऐकली. नुसता स्टोव्हचा भडका. उजवीकडं आलो तर तिथं बाई. स्टोव्ह होताच, पण बाई त्याच्या पुढं बसल्यासारखी स्पष्ट. मला आनंद झाला. म्हटलं शिवराम उगीच घाबरलाय, हे तर दोन तासांचं काम.

"साळुंकीच्या पिला, मीट आता डोळा," अशी ती ओळ होती. चांगला भरदार, थोडा नाकातला आवाज. ओळ संपली की बाई तेवढाच वेळ थांबायची आणि मग पुढची ओळ घ्यायची. मधल्या वेळात फक्त स्टोव्ह. मला वाटलं, पाळण्याला झोका देत असेल, दमत असेल, बाळंतीणच ती.

गोंगाट काढायची रीत सोपी आहे. प्रोग्रॅमला आधी निव्वळ गोंगाट ऐकवायचा. जिथं कुणी बोलत नाही, गात नाही, अशी दोन-तीन सेकंदांची जागा निवडायची आणि त्याला सांगायचं, हा चोर, याचा आवाज ओळखून ठेव. मग तो सगळ्या रेकॉर्डिंगभर त्या चोराला हुडकून बाहेर घालवतो. मला अशा जागा आयत्याच मिळाल्या होत्या. मी पहिल्या दोन ओळींमधली जागा निवडली. तिथं स्टोव्हच्या आत काहीतरी पुसट हलत होतं, पण स्टोव्हला शिट्टी असतेच. मी तो नमुना दिला आणि सगळीकडं फिरवला. स्टोव्ह गेला. कसा गेला म्हणता, कुणी फुंकर मारून विझवावा तसा. मधूनच एक थपथप ऐकू यायची, ती मी हातानं एकेक कापून काढली. शेवटी बाईच्या ओळींमधल्या त्या रिकाम्या जागा राहिल्या. हळदीच्या मांडवात स्पीकरवर इतकी शांतता बरी वाटणार नाही, लोकांना वाटेल बंद पडलं, म्हणून त्याही छाटल्या आणि ओळीला ओळ जोडली. डावी बाजू टाकली. पाळणा कसा सलग, गोड झाला.

मग सेव्ह केलं. कुठलंही काम सुरू करण्याआधी मूळ फाइलची कॉपी काढायची, हे मी नव्या पोरांना ओरडून ओरडून शिकवायचो. त्या दिवशी मीच विसरलो. दोन तासांच्या कामाला कशाला कॉपी, असं मनात आलंही असेल, आता आठवत नाही. फाइल थेट पेन ड्राइव्हवरच उघडली होती. स्क्रीन रीडर म्हणाला, "आधीची फाइल..." आणि मी एंटर मारला. आमच्यातला कुणीच त्याचं वाक्य पुरं होऊ देत नाही. दिवसभरात तो हजार वाक्यं बोलतो, पहिल्या शब्दावर पुढचं सगळं कळतं आणि बोट चालतं. मी प्रोग्रॅम बंद केला, चहा मागवला आणि शिवरामला फोन लावून सांगितलं, "तुझी बायको आणली बघ बाहेर."

तो म्हणाला, "गुरुवारी घिऊन ये. इथंच ऐकीन, सगळ्यांच्या आधी मी एकटा."

गुरुवारी सकाळी दहाला मी त्याच्या दारात उतरलो. मांडवाला कापड बांधत होते, बायकांची पळापळ चालली होती, पोरं पायात येत होती. शिवरामनं माझा हात धरून मला मागच्या खोलीत नेलं. खोलीत वेताचा वास होता. मी हेडफोन काढले, त्याच्या मोबाइलला पेन ड्राइव्ह जोडायची वायर शोधत होतो, तेवढ्यात दारातून बाई आत आली.

"पावणं, च्या घ्या. आलं घातलंय."

माझ्या हातातली वायर खाली पडली.

आवाज वीस वर्षांनी जाड झाला होता, थोडा फाटला होता. पण मी दोन तास तो आवाज उलटा-सुलटा, तुकड्या-तुकड्यानं ऐकला होता. शब्दाच्या शेवटी नाकात जाणं, 'घ'ला जरासा जास्तीचा श्वास. डोळसांना चेहरा ओळखायला जितका वेळ लागत असेल, तितकाच मला लागला.

"तुम्ही कोण?" मी विचारलं.

"मी ताना. सारिकाची मावशी," ती म्हणाली. "हौसाची धाकली भन."

"ही नसती तर पोरगी वाढलीच नसती," शिवराम म्हणाला. "हिचा नवरा लग्नाच्या वर्साच्या आत गेला. तवापास्नं हितंच हाय. लोक म्हनत हुते, मेव्हणीशीच पाट लाव. ही म्हणाली, पोरीला मावशीच ऱ्हाऊ दे, सावत्र आई नगं."

"पुरं की दाजी," ताना म्हणाली. "मला पानी तापवायचंय. हळदीपाशी तर मला जायचं न्हाई, निदान न्हाणं तरी बघते." विधवा बाईनं नवरीला हळद लावायची नाही, हे तिनं असं सांगितलं की जणू भाजीत मीठ कमी पडलंय. आणि ती गेली.

मी शिवरामला विचारलं, "शिवा, त्या कॅसेटवर कितीजणी आहेत?"

"दोघी की. तेच तर तुला सांगत हुतो. टू-इन-वन मधी ठिवला हुता. उजव्या अंगाला ताना पाळणा हलवतीया, डाव्या अंगाला हौसा भाकरी करतीया. दोघी सवाल-जवाब केल्यागत म्हणायच्या. ताना म्हणायची, 'साळुंकीच्या पिला, मीट आता डोळा.' मग हौसा तिकडनं, भाकरी थापत, 'चंद्राचा गं गोळा, तव्यावर.'" तो हसत होता. "तिचा आवाजच बारीक, त्यात स्टोव्हपाशी बसलेली. म्हणून तर तुझ्याकडं आलो. लाव आता."

मी लावलं नाही. त्यानं माझे हात चाचपले, हेडफोन काढून घेतले, स्वतःच्या कानाला लावले आणि म्हणाला, "लाव रं."

मी लावलं. पाळणा तीन मिनिटांचा होता, माझ्या छाटणीनंतर दीड मिनिटाचा उरला होता. मी ते दीड मिनिट मोजत बसलो. बाहेर कुणीतरी पितळी परात आपटली. शिवरामचा श्वास आधी थांबला, मग चालू झाला. गाणं संपलं तरी त्यानं हेडफोन काढले नाहीत.

"हौसा कुठंय?" त्यानं विचारलं.

मी सगळं सांगितलं. डावा कान, उजवा कान, मधली जागा, सगळं. ती गात होती नेमक्या त्याच जागा मी गोंगाट म्हणून दाखवल्या होत्या, हेही सांगितलं. ती थपथप तिच्या हाताची होती, तीही मी कापली होती.

"मूळ फाइल असंल की तुझ्याकडं."

"नाही."

त्यानं मला शिव्या द्यायला हव्या होत्या. शाळेत असताना माझ्या हातून त्याची बासरी फुटली तेव्हा त्यानं मला आईवरून शिव्या दिल्या होत्या. मी वाट बघत राहिलो.

"पुसायच्या आधी तू तरी ऐकलंस का तिला?" तो म्हणाला. "एकदा तरी? मला आता शब्द आठवत्यात, आवाज न्हाई आठवत. ती कशी म्हणायची ते तू परवा ऐकलं असशील तर सांग. नुसतं सांग."

खोटं बोलायला हवं होतं. बारीक होता, गोड होता, असं काहीतरी. त्यानं लगेच विश्वास ठेवला असता, त्याला तेच हवं होतं. पण माझ्या तोंडून खरं निघून गेलं. "नाही रे. त्या बाजूला मी कान दिलाच नाही."

शिवराम हुंदका देऊन रडला. मोठा आवाज होऊ नये म्हणून त्यानं तोंडात टॉवेल कोंबला होता. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला तर त्यानं तो झटकला, आणि मग स्वतःच शोधून परत ओढून घेतला. त्या खोलीत मला मरून जावंसं वाटलं, यात काही वाढवून सांगत नाही.

"आप्पा, झालं का?" दारात सारिका आली होती. पैंजण, नवी साडी, कापडाचा सळसळाट. "सगळ्या खोळंबल्यात. मी म्हटलंय, आईचं ऐकल्याशिवाय बसणार नाही पाटावर."

शिवरामनं टॉवेलनं तोंड पुसलं. मी तोंड उघडलं होतं, मी सांगणारच होतो. त्यानं माझं मनगट असं आवळलं की त्याच्या वेत ओढणाऱ्या बोटांचे वळ माझ्या हातावर चार दिवस होते.

"झालं," तो म्हणाला. "लई झ्याक झालंय. चल, स्पीकरवर लावू."

मांडवात बायका गप्प झाल्या. स्पीकरवाल्यानं लावलं आणि 'साळुंकीच्या पिला' सुरू झालं. स्टोव्ह नव्हता, काही नव्हतं, सगळा मांडव त्या एका आवाजानं भरून गेला. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात स्वच्छ काम ते. सारिका पहिल्याच ओळीला रडायला लागली. बायका पदर तोंडाला लावून मुसमुसत होत्या. कुणी म्हातारी म्हणाली, हौसाच गं बाई, हुबेहूब हौसा. लोकांना जे ऐकायचं असतं तेच ऐकू येतं.

ताना न्हाणीपाशी होती. तिच्या हातातल्या तांब्याचा आवाज थांबलेला मी ऐकला. स्वतःचा आवाज कुणी ओळखत नाही म्हणतात, पण तिनं ओळखला. गाणं संपायच्या आत ती आली आणि शिवरामच्या मागं उभी राहून हळूच म्हणाली, "दाजी, ही तर—"

"व्हय," शिवराम म्हणाला. "गप ऱ्हा, ताना."

गाणं संपलं. सारिका धावत आली आणि तानाच्या गळ्यात पडली.

"मावशी, आईचा आवाज अगदी तुझ्यासारखा होता गं."

मी तिथून निघून जायला वळलो होतो, पण कुणाच्या तरी पायाला अडखळून तसाच थांबलो. तानानं तांब्या खाली ठेवल्याचा आवाज आला.

"असणारच की," ती म्हणाली. "एका आईच्या लेकी आम्ही."

"मला आता काही नको," सारिका म्हणाली. "मला आई मिळाली."

आणि तिला पाटावर नेऊन सवाष्णींनी हळद लावायला सुरुवात केली. ताना परत न्हाणीपाशी गेली.

पुसलेली फाइल परत मिळते का बघायला पेन ड्राइव्ह घेऊन मी कोल्हापूरला गेलो, पुण्याच्या एका माणसाकडं पाठवला, जे जे कुणी सांगितलं ते केलं. काही मिळालं नाही. जतच्या दुकानदाराकडंही कॉपी उरली नव्हती. त्या कामावरून मन उडालं, पण पोटाला दुसरं काय येत होतं? आता दोन्ही कानांनी ऐकतो आणि स्क्रीन रीडरचं वाक्य पुरं होऊ देतो. पोरं म्हणतात मगदूम सर म्हातारे झाले.

चार वर्षांनी सारिकाला मुलगी झाली. बारशाचा निरोप आला तेव्हा मी जाणार नव्हतो. शिवरामनं फोन केला, "न्हाई आलास तर तिला संशय यील." म्हणून गेलो. एव्हाना तानाही गेली होती. सारिकानं मला पाया पडून नमस्कार केला आणि म्हणाली, "काका, तुमच्यामुळं माझ्या पोरीला आजीचा पाळणा मिळाला." शिवरामला मधल्या सगळ्या ओळी तोंडपाठ होत्या, पण त्या शिकवायच्या तर सगळंच सांगावं लागलं असतं.

नाव ठेवून झालं. सारिका पाळण्याशी बसली आणि म्हणायला लागली. तिनं ते गाणं फोनवर इतक्यांदा ऐकलं होतं की श्वासही मी ठेवले तिथंच घेत होती. शिवराम माझ्या शेजारी बसला होता. पहिली ओळ संपली तसा तो माझ्या कानाशी वाकला.

"इथं हौसा," तो म्हणाला.

तोवर सारिकानं दुसरी ओळ उचलली होती. ती संपताना तो परत म्हणाला, "इथं." तिसऱ्या ओळीनंतर त्यानं नुसतं तोंड उघडलं. मग तो बोलायचा थांबला, कारण सारिका मधे कुठं थांबतच नव्हती.